सीरम, व्हायटल आणि गंधार

सॉफ्टवेअर सिंथेसायझरमध्ये, म्हणजे संगणकावर आवाज घडवणाऱ्या वाद्यांमध्ये, पहिला नंबर कुणाचा, हा वाद बडोद्यात नवरात्राच्या दोनेक महिने आधी पेटतो. गरब्याचे ट्रॅक तेव्हा बांधले जात असतात आणि लॅपटॉप घेऊन बसणाऱ्या प्रत्येकाची यादी ठरलेली असते. माझा भाचा सीरमच्या वर कुणालाही बसू देत नाही. दांडिया बाजारात राहणारा आमचा एक मित्र जाहिरातींचं संगीत करतो. त्याच्या मते ज्याच्याकडे ओम्निस्फिअर नाही त्याने यादी करायच्या भानगडीत पडूच नये. तिसरा डिवाचा भक्त. मी नाटकांना आणि माहितीपटांना पार्श्वसंगीत देते, म्हणून मलाही मत विचारलं जातं, आणि ते या तिघांपैकी एकालाही पटत नाही. चहाचे कप रिकामे होईपर्यंत ते कधी पुरं मांडून होत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

आधी त्या तिघांची बाजू, कारण तिन्ही बाजूंत दम आहे.

सीरम स्टीव्ह डूडाने २०१४ साली आणला. तो वेव्हटेबल जातीचा सिंथ आहे. साध्या सिंथमध्ये ऑसिलेटर, म्हणजे मूळ आवाज काढणारा भाग, एकच ठरलेली लहर पुन्हा पुन्हा वाजवतो. वेव्हटेबलमध्ये लहरींची एक मालिकाच असते आणि स्वर चालू असताना तुम्ही तिच्यातून पुढेमागे सरकू शकता. ही कल्पना जर्मनीच्या वोल्फगांग पाम यांची, सत्तरच्या दशकाच्या शेवटची, त्यांच्या पीपीजी यंत्रांमधली. सीरमने ती डोळ्यांना दाखवली. एका टेबलात २५६ चौकटी, प्रत्येक चौकटीत २०४८ नमुने, म्हणजे लहरीची सुटी मापं, आणि पडद्यावर ती लहर हलताना दिसते. स्वतःचा आवाजही त्यात घालता येतो. मी आईचा खर्जातला ‘आ’ रेकॉर्ड करून घातला होता. चौकटींमधून हळूहळू सरकताना ‘आ’ उघडत, मिटत जातो आणि मध्येच एका जागी घसा साफ केल्यासारखी खर येते. ती खर मी मुद्दाम ठेवली. एका एकांकिकेत सगळी भीती तिनेच उभी केली. वरच्या सप्तकात सीरम स्वच्छ राहतो, किरकिर करत नाही. मार्च २०२५ मध्ये सीरम २ आला तेव्हा जुन्या खरेदीदारांना तो फुकट मिळाला. ज्या वाद्यावर आपण वर्षानुवर्षं हात बसवतो त्याचा कर्ता कसा वागतो, हेही मी गुणांमध्ये धरते.

ओम्निस्फिअर २००८ चा, एरिक पर्सिंग यांचा. हे गृहस्थ पूर्वी रोलँड या वाद्यं बनवणाऱ्या कंपनीत होते आणि डी-५० या गाजलेल्या कीबोर्डचे आवाज घडवण्यात त्यांचा मोठा हात होता. ओम्निस्फिअरच्या दुसऱ्या आवृत्तीत चौदा हजारांवर आवाज आहेत आणि तो डिस्कवर साठ जीबीच्या वर जागा खातो. आमच्या मित्राला संध्याकाळी सहाला फोन येतो की पहाटेचं काहीतरी हवं, त्यात थोडी काळजी हवी, आणि रात्री दहापर्यंत हवं. अशा माणसाला तयार आवाजांचं कोठार लागतं. प्रीसेट वापरणाऱ्याला कमी लेखण्याची जी पद्धत पडली आहे, ती मला अजिबात मान्य नाही. चौदा हजारांतून नेमका एक उचलणं हेही कानाचंच काम आहे.

डिवा बर्लिनच्या यू-ही या कंपनीचा, २०११ मधला. जुन्या अ‍ॅनालॉग यंत्रांमधली सर्किटं त्यात गणिताने उभी केलेली आहेत. फिल्टर ही आवाज गाळणारी चाळणी. तिच्यातून बाहेर पडलेला आवाज फिरून आत जातो, त्यावर रेझोनन्सची, म्हणजे तिच्या घुमण्याची, सगळी गंमत अवलंबून असते. संगणकावर या परतीच्या वाटेत एका नमुन्याचा उशीर होतो. डिवा तो उशीर होऊ देत नाही, दर नमुन्याला ते समीकरण तिथल्या तिथे सोडवतो. म्हणून फिल्टर ओरडायला लागला तरी तो जिवंत वाटतो, आणि म्हणूनच प्रोसेसर घामाघूम होतो. अचूकतेचे चार टप्पे दिलेले आहेत: ड्राफ्ट, फास्ट, ग्रेट आणि डिव्हाइन. मे महिन्यात आमच्याकडे पारा बेचाळीसच्या पुढे गेला की डिव्हाइनवर चार स्वर धरले तरी माझ्या लॅपटॉपचा पंखा मायक्रोफोनमध्ये ऐकू येतो.

एका रविवारी मी या सगळ्यांना बसवून आंधळी परीक्षा घेतली. प्रत्येक सिंथवर, आणि जोडीला व्हायटल या आणखी एका सिंथवर, एकच आवाज बांधला: एक करवती लहर (करवतीच्या दात्यांच्या आकाराची, इंग्रजीत सॉ), फिल्टर अर्धा मिटलेला, रिव्हर्ब नाही, कोरस नाही. आवाजाची पातळी काटेकोरपणे सारखी केली. हे फार महत्त्वाचं आहे, कारण किंचित मोठं वाजतं ते कानाला आपोआप चांगलं वाटतं, आणि सिंथच्या निम्म्या भांडणांचं मूळ इतकंच असतं. सीरम कुठला आणि व्हायटल कुठला हे कुणालाही ठामपणे सांगता आलं नाही. रेझोनन्स चढवल्यावर डिवा बहुतेकांनी ओळखला. साधा असताना तोही ओळखला नाही. व्हायटल हा मॅट टायटेलने २०२० च्या नोव्हेंबरात आणलेला, मूळ रूपात फुकट. सीरम कित्येक वर्षं १८९ डॉलरला विकला जात होता. त्या दिवशी खोलीत जी शांतता पसरली, ती मला अजून आवडते.

मात्र त्या परीक्षेत आई पण बसली होती, आणि तिने भलतीच गोष्ट पकडली. आवाजाच्या जाडीबद्दल, उबेबद्दल ती काहीच बोलली नाही. मी सा-ग-प असा धरून ठेवला होता. ती म्हणाली, “सगळ्यांचा ग चढलाय गं. दुसरं काय ऐकायचं यात?”

आई म्युझिक कॉलेजात गाणं शिकली. सयाजीराव महाराजांनी १८८६ मध्ये मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा काढली, तीच पुढे विद्यापीठाच्या परफॉर्मिंग आर्ट्स विद्याशाखेत गेली. तिथे तंबोऱ्याशी गंधार मिळवण्यात तिची उमेदीची वर्षं गेली आहेत. ती जे म्हणाली ते गणितात सहज मांडता येतं. सा २४० हर्ट्झचा धरा. शुद्ध गंधार त्याच्या सव्वापट, म्हणजे बरोबर ३०० हर्ट्झ. कीबोर्डवर सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, तिथे तोच गंधार ३०२.४ च्या आसपास जातो. सप्तकाचे १२०० सेंट धरले तर फरक १४ सेंटचा. सव्वादोन-अडीच हर्ट्झ ऐकायला कमी वाटतात, पण करवती लहर एकटी येत नाही. तिच्या सगळ्या उपस्वरांचा, म्हणजे मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा कंपनांचा, घोळका बरोबर असतो. सा चा पाचवा उपस्वर १२०० वर, आणि चढलेल्या ग चा चौथा १२०९.५ वर. दोघं एकमेकांना घासतात आणि दर सेकंदाला नऊ-साडेनऊ वेळा आवाज थरथरतो. शुद्ध गंधार लावला की ती थरथर एकदम थांबते आणि तिन्ही स्वर मिळून एकच आवाज होतो. ज्याने हे एकदा हेडफोनवर ऐकलं त्याला ते पुन्हा न ऐकल्यासारखं करता येत नाही.

मग भाच्याला हे का बोचत नाही? त्याचंही कारण आहे, आणि ते त्याच्या कानात नाही. त्याचा आवडता आवाज सुपरसॉ. १९९६ च्या रोलँड जेपी-८००० पासून आलेला हा प्रकार: सात करवती लहरी एकमेकींपासून थोड्या थोड्या सरकवून एकदम वाजवायच्या. प्रत्येक स्वर आधीच सात ठिकाणी पसरलेला. त्या पसाऱ्यात १४ सेंट बुडून जातात. म्हणजे तो आवाज आवडण्यामागे, समान सप्तकाची टोचणी त्याच्यात लपते, हेही एक कारण असणार. सगळ्या याद्यांमध्ये ‘जाड’, ‘रुंद’, ‘भरगच्च’ आवाजाला पैकीच्या पैकी गुण मिळतात. पसरलेल्या स्वराला गुण द्यायचे ठरवलं की स्वर जागेवर लागतो का, हा प्रश्नच उरत नाही.

आणि हा प्रश्न बडोद्यात नवा नाही, हे मला फार जवळचं वाटतं. १९१६ च्या मार्चमध्ये पहिली अखिल भारतीय संगीत परिषद याच शहरात भरली. आश्रय सयाजीरावांचा, पुढाकार भातखंड्यांचा. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि आयसीएस अधिकारी क्लेमेंट्स यांनी बावीस श्रुतींच्या, म्हणजे सप्तकातल्या बारीक स्वरस्थानांच्या, हिशेबाने पट्ट्या लावलेली हार्मोनियम तयार केली होती. देवलांच्या प्रयोगांना अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची साथ होती. श्रुती अशा पट्ट्यांमध्ये कायमच्या बसवता येतात की नाही, यावर त्या परिषदेत वाद झडला. कुठलं कीबोर्ड आपल्या गाण्याला योग्य, हा वाद. पुढे १९४० मध्ये रेडिओने हार्मोनियमवर बंदीच घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. आमच्या मंडळींना सिंथचा वाद म्हणजे परदेशातून आलेली हौस वाटते. मला तो याच भांडणाचा पुढचा अंक वाटतो.

देवल-क्लेमेंट्सना हार्मोनियमच्या आतल्या धातूच्या पत्त्या तासत बसावं लागलं. आपल्याला एक मजकुराची फाइल पुरते. स्काला नावाच्या प्रोग्रॅमपासून रूढ झालेला एससीएल हा प्रकार घ्या. साध्या नोटपॅडमध्ये उघडतो. वर वर्णनाची एक ओळ, खाली १२ हा आकडा, आणि मग एकाखाली एक अपूर्णांक: १६/१५, ९/८, ६/५, ५/४, ४/३, असं करत शेवटी २/१. त्यातला चौथा अपूर्णांक, ५/४, म्हणजे आईचा गंधार. केबीएम नावाची दुसरी छोटी फाइल सांगते की सा कुठल्या पट्टीवर आणि किती हर्ट्झवर. सर्ज एक्सटी या सिंथच्या खिडकीवर एससीएल फाइल ओढून टाकली की काम झालं. त्यात स्वरांचं कोष्टक उघडून एकेक आकडा तिथल्या तिथे बदलताही येतो. व्हायटलही या फाइली घेतो. सीरम आणि यू-हीचे सिंथ टीयूएन नावाची फाइल घेतात. सोय बऱ्याच ठिकाणी आहे. पण कुठल्याही क्रमवारीच्या चर्चेत मी हा मुद्दा पहिल्या पाचांत आलेला पाहिलेला नाही, आणि याचा मला खरोखर राग येतो.

१९१६ च्या वादातला दुसऱ्या बाजूचा मुद्दाही मी सोडत नाही. दरबारी रागातला कोमल गंधार एका जागी उभा राहत नाही, तो खाली झुकून आंदोलत राहतो. ६/५ लिहून तो येणार नाही. फाइल फक्त उभं राहायची जागा देते. चालणं बाकी राहतं, आणि चालण्याला आपल्याकडे मींड म्हणतात.

सिंथमध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकायला ग्लाइड असतो. किती वेळात पोचायचं ते सांगायचं. सीरम आणि व्हायटलमध्ये त्या वाटेचा उतारही वाकवता येतो. पण एकदा वाकवला की प्रत्येक स्वराला तोच उतार. गाणारा पंचमावरून गंधारावर येतो तेव्हा मध्यमाला ओझरता स्पर्श करून, गंधाराच्या जरा वर रेंगाळून मग टेकतो, आणि पुढच्या वेळी तेच वेगळं करतो. मांडवीकडे राहणारे आमचे कीबोर्डवाले काका वर्षानुवर्षं गरब्यात लीड, म्हणजे मुख्य सुरावट, वाजवतात. त्यांच्या रोलँडला डाव्या हाताशी आडवी हलणारी, स्वर वरखाली सरकवणारी पिच-बेंडची दांडी आहे. काकांचा डावा अंगठा त्या दांडीवरून कधी उठत नाही. उजव्या हाताने पट्टी दाबायच्या क्षणभर आधी ते दांडी डावीकडे खेचून ठेवतात, स्वर खालून सुरू होतो, आणि अंगठा सैल सोडत सोडत ते त्याला वर आणतात. शेवटचा केसभर भाग ते अगदी सावकाश सोडतात. काकांना मी व्हायटल दिला, सर्ज दिला, डिवा दिला. पाच मिनिटांत तिन्ही काकांसारखेच वाजायला लागले.

चरणजित सिंग यांची आठवण यायला हवी. मुंबईच्या सिनेसंगीतातले हे वादक. त्यांनी १९८२ साली ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही तीन रोलँड यंत्रं घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर राग वाजवले. ३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरण्याची सोय होती. ते यंत्र बेस गिटारीची जागा घ्यायला बनवलेलं. त्यांनी ते रागाच्या कामाला लावलं. रेकॉर्ड तेव्हा चालली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाल्यावर जगाचे कान टवकारले. त्याही आधी, १९६९ मध्ये, आमच्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर बसवून दिला होता. म्हणजे या यंत्रांशी आपली ओळख जुनी आहे. त्यांना आपले प्रश्न विचारायचा हक्कही तेवढाच जुना.

हल्ली एमपीई नावाची पद्धत आहे, २०१८ मध्ये तिचं प्रमाण ठरलं. प्रत्येक बोटाला स्वतःची वाट मिळते, त्यामुळे तीन स्वर धरून त्यातल्या एकालाच मींड देता येते. सर्ज, व्हायटल, पिगमेंट्स हे सगळे ती ऐकतात. पण त्यासाठीचं कीबोर्ड महाग पडतं आणि आमच्या ओळखीत ते एकाच माणसाकडे आहे.

भाचा यावर दरवर्षी एकच म्हणतो. “आत्या, हजारो लोक गोल फिरतायत, ढोल डोक्यात वाजतोय. श्रुती कोण ऐकतंय?” त्याला मी उत्तर देते ते असं. गरब्यात लीड बहुतेक वेळा गायिकेच्या ओळीवर ओळ धरून चालतो. गायिका आपला गंधार गळ्यातून लावते, तिला बारा सारखे भाग माहीत नाहीत आणि माहीत असायची गरजही नाही. सिंथ तिच्या १४ सेंट वर राहिला तर दोघांचा आवाज एकमेकांना खातो. मग साउंडवाला तिचा माइक वाढवतो, मग लीडवाला आपली पातळी वाढवतो, आणि अकरा वाजता कान फाटायला लागतात. नाचणाऱ्याला श्रुती कळत नसेल. दमणूक त्याला कळते. सगळी दमणूक यातूनच येते असा माझा दावा नाही, पण काही भाग येतो हे मी मिक्सरवर बसून ऐकलेलं आहे.

तर माझी यादी. पहिला सर्ज एक्सटी. क्लेस योहानसन यांनी तो आधी विकायला काढला होता, २०१८ मध्ये त्याचा कोड खुला केला, आणि तेव्हापासून बरीच माणसं मिळून तो वाढवत आहेत. स्वर हवे तिथे लावू देतो, एमपीई समजतो, जुन्या लॅपटॉपवर चालतो, लिनक्सवरही चालतो, फुकट आहे. दिसायला गजबजलेला आहे आणि त्याचे प्रीसेट एका तोलाचे नाहीत, हे मान्य. दुसरा व्हायटल, कारण शिकणाऱ्याला कुठली गोष्ट कशाला हलवते आहे ते डोळ्यांसमोर दिसतं. तिसरा डिवा, हिवाळ्यात. सीरम चौथा आणि ओम्निस्फिअरला मी यादीबाहेर मानाची जागा देते, कारण तो मला सिंथपेक्षा ग्रंथालय वाटतो. यावर आमचा जाहिरातवाला मित्र उठून जातो.

पहिल्या दोन जागा फुकटच्या वाद्यांना दिल्या याच्यावर सगळ्यात जास्त आरडाओरडा होतो. किंमत हा आवाजाचा गुण नाही, असं भाचा म्हणतो. मला तो वाद्याचा गुण वाटतो. कारेलीबागेतला कॉलेजातला मुलगा ४९९ डॉलरचा ओम्निस्फिअर घेऊ शकत नाही. त्याला पहिला नंबर त्याचाच आहे असं सगळे सांगत राहिले की तो क्रॅक, म्हणजे चोरीची प्रत, शोधतो, क्रॅकबरोबर व्हायरस येतो, आणि दोन वर्षांचं काम एका रात्रीत जातं. हे मी आजूबाजूला वारंवार होताना पाहिलं आहे. सयाजीरावांच्या गायनशाळेत कुठल्या घरातला मुलगा येतो यावर गाणं अडत नव्हतं. वाद्याचा पहिला नंबर ठरवताना ते कुणाच्या हातात पडू शकतं, हे बघायला हवंच.

यंदा भाच्याने एक पाऊल पुढे टाकलं आहे. त्याने सीरमलाच टीयूएन फाइल दिली, सुपरसॉचा पसारा कमी केला आणि गायिकेच्या ओळीखाली लीड नीट बसवला. आईने ऐकून मान डोलावली. त्यावर तो म्हणतो, “बघ, तुझ्याच कसोटीवर सीरम पहिला.” मी हे मानायला तयार नाही. पुढच्या रविवारी तोच लीड सर्जवर बांधून दोन्ही सारख्या पातळीवर ऐकवणार आहे. पिच-बेंडवर काका असतील, पडदा झाकलेला असेल, आणि ओम्निस्फिअरवाल्या मित्रालाही परत बोलावलं आहे.